मागील वापर अधिक दहा टक्के

मार्च उतरला की यावलच्या सरकारी दवाखान्यात
दोन गोष्टी तापतात : वरचे पत्रे, आणि वरून येणारे फोन.
पुढच्या वर्षाची औषध-मागणी. आजच्या आज.
माझं टेबल फ्रीजला टेकून आहे.
त्याची घरघर थांबली की मी लिहिणं थांबवतो,
लाइट गेली का बघतो,
बर्फ विकणाऱ्या पोराला हाक मारतो,
आणि पुन्हा रकाने.

सूत्र सोपं आहे, चौथीतल्या मुलालाही येईल :
मागील वर्षाचा वापर अधिक दहा टक्के.

सर्पदंशाच्या कुप्या, आल्या बारा, संपल्या बारा.
एका माणसाला दहा लागतात.
दोन जोरात चावलं म्हणून.
त्या बाराही कालूसिंग बारेलाच्या शिरेत गेल्या
जूनच्या एका रात्री, केळीला पाणी देताना.
तो वाचला. अजून येतो,
खिडकीतून एक फणी आत सरकवतो आणि काही न बोलता जातो.
सूत्राच्या भाषेत
कालूसिंग हाच आमचा मागील वापर.
त्यात दहा टक्के मिळवायचे :
तेरा पूर्णांक दोन.
म्हणजे पुढच्या वर्षी एक कालूसिंग
आणि दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा.

त्याच्यानंतर आलेले सगळे जळगावला पाठवले.
पाठवलेलं वापरात धरत नाहीत.

भूल द्यायचं औषध : वापर शून्य.
भूलतज्ज्ञ नाही म्हणून शस्त्रक्रिया नाही,
शस्त्रक्रिया नाही म्हणून भूलतज्ज्ञाची गरज दिसत नाही.
शून्याला दहा टक्के मिळवून पाहिले मी.
कॅल्क्युलेटरही क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

तसे कागदावर आहेत एक. डॉक्टर कासार.
सोमवारी चोपडा, मंगळवारी रावेर, गुरुवारी आम्ही.
मीटिंगच्या पडद्यावर चारही तालुके हिरवे दिसतात
एकाच माणसाने.
सायबीला कळा शनिवारी आल्या.
देवचंद कोळ्याने गाडी हाणली भुसावळकडे,
तापीच्या पुलावर ती थांबवावी लागली.
पोरगी झाली. बरी आहे.
जन्मस्थळाच्या रकान्यात देवचंदने विचारलं, काय लिहू?
पुलाचा कोड नव्हता.

दाराशी रमजान तडवी फलक रंगवतो.
पदं तेलरंगात, नावं पाण्याच्या रंगात,
असं त्याचं त्यानेच ठरवलंय, हिशेब परवडत नाही म्हणून.
एका बाईंचं नाव मोठं होतं, जोडाक्षरांचं,
लिहिताना विचारायचा, "भो, रंग वायेपर्यंत तरी रायतीन ना मॅडम?"
नऊ दिवस राहिल्या.
बंधपत्र संपलं. दोष त्यांचाही नाही,
क्वार्टरच्या छतातून आभाळ दिसायचं.
'रिक्त' हा शब्द रमजान डोळे मिटून काढतो आता,
वेलांटी अशी देखणी
की पेशंट थांबून बघतात.

या वर्षी मी एक केलं.
अपघात विभागाची जुनी वही घरी नेली,
तेलकट, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली,
आणि 'जळगावला रवाना' असं जिथे जिथे होतं
तिथे बोट ठेवत गेलो.
साप, साप, विंचू, साप.
बायको म्हणाली, जेवून घ्या आधी.
एकतीस साप निघाले.
एकतिसांना प्रत्येकी दहा.
सकाळी तीनशे दहा भरले.
रकाना लाल झाला, मी तरी पुढे ढकललं.

चार वाजता फोन.
आवाज तरुण होता, वैतागलेला, पण वाईट नव्हता.
"भाऊ, सर्पदंशात एक शून्य जास्त पडलंय का?"

फ्रीज घरघरत होता. बाहेर रमजान ब्रश झटकत होता.
"काढून बघा साहेब," म्हटलं,
"शून्य काढलं की खाली माणसं उरतात."

तिकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज आला नाही.